फरशीखालची ऊब

शरदचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते. हातमोजे काढून फोन घेईपर्यंत तो बंद झाला. मी उलट लावला, तर शरद नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "उज्ज्वला गेली. सकाळी, झोपेतच." त्याच्या मागे कुठेतरी डिशवॉशर चालू असल्याचा आवाज येत होता. मी येते म्हटलं, त्यावर त्याने सावकाश ये, रस्ते खराब आहेत, असं सांगितलं. फोन ठेवल्यावर मी उरलेला बर्फ आधी काढून टाकला. अर्धवट सोडला असता तर दुपारपर्यंत त्याचा दगड झाला असता. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. बर्फ बराचसा वितळलाय, अंगणातलं मागच्या वर्षीचं पिवळं गवत दिसू लागलंय, आणि मी पहिल्यांदाच तिच्याबद्दल सलग काही लिहायला बसले आहे.

उज्ज्वला लोकांच्या घरांच्या जमिनी गरम करायची. हे वाक्य मराठीत लिहिलं की विचित्र वाटतं, कारण आपल्याकडे जमीन गार असावी म्हणून लोक धडपडतात. पण मिशिगनमध्ये, जिथे आम्ही दोघी इतकी वर्षं राहिलो, तिथे वर्षातले निम्मे महिने घर गरम ठेवल्याशिवाय जगताच येत नाही. बहुतेक घरांत तळघरातल्या भट्टीवर तापवलेली हवा झरोक्यांतून खोल्यांत सोडतात. ती हवा वर छताशी जाऊन बसते, आणि पाय गारच राहतात. उज्ज्वला जमिनीच्या पोटात बारीक नळ्यांचं जाळं घालायची आणि त्यांतून कोमट पाणी खेळवायची, म्हणजे ऊब खालून वर यायची. जुन्या घरांत, नव्या घरांत, एका जुन्या चर्चच्या सभागृहातसुद्धा तिने हे काम केलं. आम्ही इथे आलो तेव्हा ती असं काही करेल असं कोणाला, अगदी तिलासुद्धा, वाटलं नसतं.

आमची ओळख विद्यापीठाच्या बसमध्ये झाली. ती नागपूरहून मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं एम. एस. करायला आली होती आणि मी सांगलीहून लग्न होऊन. अंगात दोन स्वेटर आणि पायांत मोज्यांवर चपला, अशी एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. मी हातातलं मराठी मासिक वाचत होते, ते पाहून ती बोलली. पण नाव-गाव विचारायच्या आधी तिने मला सांगितलं की समोरच्या सीटवर बसावं, कारण या बसचा हीटर त्या बाजूला आहे. आम्ही उठून तिकडे बसलो. खरंच तिथे पाय गरम राहत होते. पुढे मी लायब्ररी सायन्स शिकले आणि विद्यापीठाच्याच ग्रंथालयात निवृत्तीपर्यंत नोकरी केली, ती एका मोटार कंपनीत लागली, शरदशी तिचं लग्न झालं, मेघना झाली. आमची मैत्री टिकली, ती दोघी एकाच गावात राहत होतो म्हणून आणि दोघींनाही नव्या मैत्रिणी करायचा आळस होता म्हणून.

ती फार प्रेमळ वगैरे नव्हती, हे आधीच सांगायला हवं. माणूस गेलं की त्याच्याबद्दल सगळे एकसारखेच लिहितात, आणि तसं लिहिलेलं तिला आवडलं नसतं. ती वाढदिवस विसरायची. नव्या साडीकडे तिचं लक्ष जायचं नाही. कोणाच्या घरी जेवायला गेली की आधी खिडक्यांच्या कडेला हात लावून बघायची, आणि यजमानीणबाईंना सांगायची की इथून वारा येतो. स्तुती करणं तिला जमत नसे. मी एकदा पुरणपोळ्या केल्या होत्या, त्यांवर तिचा अभिप्राय होता, "बरोबर झाल्या."

मोटार कंपनीत तिचं काम इंजिन थंड ठेवायचं होतं. रेडिएटर, पंप, नळ्या, त्यांतून फिरणारं पाणी. ते काम तिने जवळजवळ वीस वर्षं केलं, आणि मग कंपनीने तो सगळा विभागच बंद केला. तेव्हा ती पंचेचाळिशीच्या आसपास होती. शरद विद्यापीठात संशोधक होता, त्यामुळे घर चालण्याचा प्रश्न नव्हता. बाकीच्यांनी दुसऱ्या राज्यांत नोकऱ्या शोधल्या. ही मात्र वॉल्ट नावाच्या एका म्हाताऱ्या हीटिंग कंत्राटदाराकडे गेली. तो विद्यापीठाजवळच्या जुन्या घरांची कामं करायचा आणि त्याला मदतनीस हवा होता. तिने त्याच्याबरोबर दोन-तीन वर्षं काम केलं, परीक्षा देऊन लायसन्स काढलं, आणि तो निवृत्त झाल्यावर त्याची व्हॅनही घेतली.

मराठी मंडळात याची बरीच चर्चा झाली. समोर कोणी काही म्हणत नसे, पण एम. एस. करून शेवटी प्लंबर झाली, हे वाक्य माझ्या कानावर वेगवेगळ्या लोकांकडून आलं. शरदला ते लागायचं. कोणी विचारलं की तो सांगायचा, उज्ज्वला कन्सल्टिंग करते. त्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमाला ती थेट कामावरून आली. मंडळासाठी करून घेतलेल्या पदार्थांची पातेली तिच्याच व्हॅनमधून यायची होती, आणि व्हॅनमध्ये पातेल्यांच्या दोन्ही बाजूंना लाल नळीची मोठमोठी भेंडोळी रचलेली होती. शरदने आणि आणखी चौघा-पाचजणांनी ती भेंडोळी बाजूला करत करत पातेली उतरवली. कोणीतरी विचारलं, वहिनी, हे काय? तिने तिथेच, गार वाऱ्यात उभं राहून, ते काय आहे हे नीट समजावून सांगितलं. भात गार होत होता, पण तिचं सांगणं अपुरं राहिलं नाही. त्यानंतर शरदने कन्सल्टिंग हा शब्द वापरणं सोडून दिलं.

आमच्या घराचं काम तिने केलं ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. आमचं घर शंभरीच्या जवळ आलेलं, खाली ओकच्या फळ्यांची जमीन, भिंतींशी लोखंडी रेडिएटर. ते तापायला लागले की कोणीतरी तळघरातून हातोडीने ठोकतंय असा आवाज यायचा. मला वाटलं होतं, आता सगळी जमीन उखडावी लागणार. उज्ज्वला म्हणाली की जुन्या घराला वरून हात लावायचा नाही, त्याच्या खालून जायचं. तळघराच्या छताला, म्हणजे आमच्या जमिनीच्या पोटाला, जी लाकडी तुळयांची रांग होती तिच्यामधून ती नळ्या नेणार होती. मग कित्येक दिवस ती आमच्या तळघरात शिडीवर मान मागे टाकून काम करत होती. फळ्यांचे जुने खिळे खाली निघालेले असायचे, ते आधी एकेक करून कापायचे, मग ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकायचे, त्यांच्या खाचेत नळी दाबून बसवायची, आणि त्याखाली जाड आवरण घालायचं, नाहीतर सगळी ऊब तळघरातच राहायची. मी वर स्वयंपाकघरात असायचे आणि माझ्या पायाखालून तिची ठोकाठोक ऐकू यायची. दुपारी ती वर यायची तेव्हा तिच्या केसांत लाकडाचा भुसा असायचा. आम्ही पोळी-भाजी खायचो, ती फारसं काही न बोलता पुन्हा खाली जायची. इतक्या वर्षांच्या मैत्रीत आम्ही सलग एवढ्या वेळा एकत्र जेवलो ते तेव्हाच.

नव्या घराचं काम याच्या अगदी उलट. तिथे आधी नळ्या जाळीला बांधायच्या आणि वरून काँक्रीट ओतायचं. ओतल्यावर पुन्हा काही करता येत नाही. म्हणून ओतताना नळ्यांमध्ये हवा दाबून भरून ठेवतात आणि त्याला दाब दाखवणारा काटा लावतात; कामगाराचं फावडं एखाद्या नळीला लागलं तर काटा पडतो आणि लगेच कळतं. तेवढा वेळ उज्ज्वला त्या काट्यापाशी उभी असायची, कोणाशी बोलायची नाही. तिचा एक नियम होता, तो ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची: काँक्रीटच्या आत तिच्या नळीला कुठेही जोड नसतो. एक नळी आत जाते, सगळी खोली फिरते आणि अखंड बाहेर येते. जोड म्हटला की तो कधीतरी गळणार, आणि काँक्रीटमधला गळला तर जमीन फोडावी लागणार. दुसरी सूचना असायची ती जमिनीत ड्रिल न मारण्याची.

काम संपलं की ती मोजे काढून अनवाणी सगळ्या घरात फिरायची. तिच्याजवळ मोजायची यंत्रं होती, भिंती-जमिनींची उष्णता दाखवणारा कॅमेरा होता, पण शेवटचा निर्णय पायांचा. लोकांची एक तक्रार ठरलेली असे, की जमीन पुरेशी गरम लागत नाही. ती सांगायची की गरम लागायला नकोच आहे. पायाला गरम लागली तर पाणी जास्त तापलंय. गार लागली तर कमी. पायांना काहीच वाटलं नाही, म्हणजे काम झालं.

स्मिता आणि तिचा नवरा यांचं घर गावाबाहेरच्या नव्या वस्तीत होतं. स्मिता आमच्यापेक्षा बरीच लहान, सॉफ्टवेअरमध्ये, बोलकी, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढे. तिचा मुलगा तेव्हा नुकता चालायला लागला होता. सगळा खालचा मजला उज्ज्वलाने केला आणि पहिला हिवाळा छान गेला. स्मिता येईल त्याला चपला काढायला लावून जमीन दाखवायची. तिच्यामुळे उज्ज्वलाला मंडळातली बरीच कामं मिळाली. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र यंत्रातला पाण्याचा दाब हळूहळू उतरायला लागला आणि दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यातल्या फरश्यांच्या सांध्यांत ओल दिसू लागली. उज्ज्वला गेली, तिने एक दिवस घालवून गळती शोधली, तळहाताएवढं काँक्रीट फोडून नळी दुरुस्त केली, फरशी बसवून दिली आणि याचा खर्च माझ्याकडे, असं सांगून आली. कारण काय, असं स्मिताने विचारलं तेव्हा ती म्हणाली, तिथे नळीला जोड होता, तो सुटला.

हे लगेच सगळीकडे पसरलं. काँक्रीटमध्ये जोड नाही, असं सांगून जोड दिला होता, हा त्यातला मुख्य मुद्दा. स्मिता चिडली होती आणि तिने ते लपवलं नाही. ठरलेली दोन मोठी कामं कॅन्सल झाली, आणि पुढचं वर्षभर मंडळातल्या कोणीही उज्ज्वलाला बोलावलं नाही. वॉल्टच्या कानावर गेलं तेव्हा तो मुद्दाम भेटायला आला, कारण त्यानेच तिला तो नियम शिकवला होता. मीही तिला विचारलं. आमच्या तळघरात उन्हाळ्याआधीची तपासणी करत होती ती, माझ्याकडे पाठ होती. मी म्हटलं, तू खरंच जोड दिला होतास? ती म्हणाली, "हो." एवढंच. मला तिचा थोडा राग आला, आणि तिच्याबद्दल मनात काहीतरी कमी झालं, हेही खरं. शरद तर उघडच बोलायचा. एवढ्या वर्षांनी स्वतःचं नाव करायची संधी मिळाली आणि हिने घाईत एक चूक करून ठेवली, असं त्याचं म्हणणं होतं. ती ऐकून घ्यायची. पुढे गोऱ्या लोकांची कामं वाढली, विद्यापीठाजवळची जुनी घरं एकामागून एक मिळत गेली, तिच्या हाताखाली दोन माणसं आली, आणि हळूहळू सगळे ती गोष्ट विसरले. स्मिता आणि ती समोरासमोर आल्या की हसून बोलायच्या. त्यापलीकडे काही नाही.

तिचा आजार कळला त्याला आता तीन वर्षं होतील. कॅन्सर होता. तपशील लिहीत नाही, तिने कोणाला फारसे सांगितले नव्हते. केमोथेरपी सुरू झाली आणि आजार काही काळ आटोक्यात राहिला, पण त्या औषधांनी तिच्या पायांच्या नसा गेल्या. आधी बोटांना मुंग्या, मग तळवे बधिर, आणि शेवटी घोट्याच्या खाली काहीच कळेना. ती खाली बघून पाऊल टाकायची, जिना उतरताना कठडा घट्ट धरायची. व्हॅन चालवणं थांबलं, कारण ब्रेकवर पाय आहे की नाही हे तिला समजत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की कदाचित परत येईल, कदाचित नाही. या सगळ्याबद्दल ती एखाद्या बिघडलेल्या पंपाबद्दल बोलावं तशी बोलायची. एकदाच, माझ्या स्वयंपाकघरात बसलेली असताना, तिने मोजे काढून पाय जमिनीवर टेकवले, बराच वेळ तसेच ठेवले आणि मला विचारलं, "चालू आहे ना गं?" मी चालू आहे म्हटलं. तिने मोजे पुन्हा घातले.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्मिताचा मला फोन आला. मुलगा कॉलेजला गेला होता, गावाबाहेरचं मोठं घर त्यांनी विकलं होतं आणि आमच्या भागातच एक जुनं घर घेतलं होतं. जमीन उज्ज्वलाताईंकडूनच करून घ्यायची आहे, त्यांना झेपेल का, हे तिला माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, तिलाच विचार. तिने विचारलं, आणि उज्ज्वला हो म्हणाली. मला नवल वाटलं, शरदला तर ते पटलंच नाही. पण तिची दोन माणसं तळघरात काम करत होती आणि ती एका स्टुलावर बसून सांगत होती, असा तो सगळा उन्हाळा गेला. थकवा आला की तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटायची. तिला घरून आणायचं आणि पोचवायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी बरेचदा तिथे असायचे.

ऑक्टोबरात पहिल्यांदा पाणी सोडलं. लाकडाच्या जमिनीत ऊब यायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. घरात अजून सामान आलेलं नव्हतं. दिवाणखान्याच्या मोठ्या खिडक्यांतून ऊन आत आलं होतं, आणि बाहेरच्या मेपलची पानं पडत होती. उज्ज्वलाने यंत्राचे आकडे पाहिले, कॅमेऱ्यातून जमीन पाहिली, आणि मग स्टुलावर बसून राहिली. शेवटचं काम तिला करता येत नव्हतं. मी मोजे काढायला वाकले, पण त्याआधीच स्मिताने स्वतःचे काढले होते. ती म्हणाली, ताई, मी चालते, तुम्ही विचारा. उज्ज्वलाने मान हलवली, आणि स्मिता भिंतीच्या कडेकडेने सावकाश चालायला लागली.

"तिथे?"

"कोमट."

"दाराजवळ?"

"इथे थोडं गार आहे. ह्या दोन फळ्यांत."

उज्ज्वलाने खाली तळघरात हाक मारून तिच्या माणसाला काहीतरी सांगितलं, खालून एक-दोनदा खुडबुड ऐकू आली, आणि ती पुन्हा विचारू लागली. असं त्या दोघींचं बराच वेळ चाललं होतं. मग खोलीच्या मध्यावर स्मिता थांबली. जमिनीकडेच बघत म्हणाली, "ताई, आप्पांनी मला सांगितलं होतं. जाण्याआधी. देव्हाऱ्याचं."

मला अर्थ लागेना, हे स्मिताच्या लक्षात आलं असावं, कारण पुढचं सगळं तिने माझ्याकडे बघून सांगितलं. त्या दुसऱ्या हिवाळ्याच्या आधी तिचे वडील, आप्पा, कोल्हापूरहून तिच्याकडे राहायला आले होते. येताना त्यांनी सागवानी देव्हाऱ्याचे भाग सुटे करून आणले होते आणि इथे स्वतः जोडले होते. नातू देव्हाऱ्याला धरून वर चढू पाहायचा, तो अंगावर पडेल अशी त्यांना भीती वाटत होती. म्हणून एकदा सगळे ऑफिसात असताना त्यांनी जावयाचं ड्रिल घेऊन देव्हाऱ्याची बैठक जमिनीला बोल्टने पक्की केली. जमिनीत नळ्या आहेत हे त्यांना माहीत होतं, पण त्या खूप खोल असतील असं वाटलं होतं. एक बोल्ट नळीतून गेला, आणि त्यानेच ते भोक बुजवून ठेवलं, म्हणून काही महिने काही कळलं नाही. उज्ज्वला गळती शोधायला आली तेव्हा घरात आप्पा एकटेच होते. तिने देव्हाऱ्याची बैठक उघडली, बोल्ट पाहिला, आणि त्यांनी विचारलं, माझ्या हातून झालं का हे? तिने हो म्हटलं. मग तिने नळी दुरुस्त केली, भोकं बुजवली, देव्हारा मागच्या भिंतीला पट्टीने बांधून दिला, आणि त्यांना सांगितलं की काका, हे आता नीट झालंय, कोणाला सांगायची गरज नाही. तेव्हा त्यांची परत जायची तारीख जवळ आली होती. ते परत गेले, ते पुन्हा इथे आले नाहीत. शेवटच्या आजारात स्मिता कोल्हापूरला गेली तेव्हा त्यांनी हे तिला सांगितलं. त्यालाही आता सहा-सात वर्षं झाली होती.

"मला यायला हवं होतं तेव्हाच तुमच्याकडे," स्मिता म्हणाली. "मी मंडळात काय काय बोलले होते... धीर झाला नाही."

उज्ज्वला स्टुलावर तशीच बसलेली होती, एक हात गुडघ्यावर. मला वाटलं आता ती काहीतरी म्हणेल. तिने खिडकीकडे हात केला आणि म्हणाली, "तिकडे राहिलं. खिडकीपाशी जा. थंडीत पहिली तीच जागा गार पडते." स्मिता डोळे पुसत खिडकीपाशी गेली, उभी राहिली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली की काहीच वाटत नाही, गारही नाही आणि गरमही नाही. उज्ज्वलाने हातातला कॅमेरा बंद केला आणि म्हणाली, बरोबर झालं.

घरी सोडताना गाडीत मी तिला विचारलं, की निदान मला तरी का सांगितलं नाहीस. वर्षभर तिची कामं गेली होती, शरदची बोलणी तिने ऐकली होती, मी तिच्याबद्दल मनात अढी धरली होती. ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "ते रडून राहिले होते गं. एवढा मोठा माणूस, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन रडून राहिला. मग मी काय करू?" थोडं थांबून तिने आणखी एक सांगितलं. तुला सांगितलं असतं तर तू शरदला सांगितलं असतंस, आणि शरदने सगळ्या मंडळाला. हे अगदी खरं होतं. शरदला मीच सांगितलं, काही दिवसांनी, तिच्या परवानगीने. तो म्हणाला, "मी तेव्हा हिला किती बोललो होतो." पुढे ती असेपर्यंत त्या दोघांत यावर काही बोलणं झालं की नाही, मला माहीत नाही.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतर तिचा आजार उलटला. डॉक्टरांनी आणखी एका औषधाचं नाव काढलं, ते तिने नको म्हटलं. मेघना नैऋत्येच्या वाळवंटी भागातल्या चँडलरहून येऊन-जाऊन राहत होती. ती तिथल्या एका कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. आई आणि मुलगी फार बोलायच्या असं नाही. मेघना लॅपटॉप घेऊन पलंगाशेजारी बसायची, आई झोपून असायची. मी शेवटची भेटले तेव्हा उज्ज्वला जागी होती, पण शब्द कमी झाले होते. मी तिचे पाय पांघरुणात नीट घेतले. तिला ते कळलं नाही, कारण ती पांघरुणाकडे बघत नव्हती. मी तिथेच थोडा वेळ बसले आणि निघाले.

ती गेल्यानंतरच्या रविवारी सगळ्यांनी जमायचं ठरलं. शरदचं टाउनहाऊस लहान, मंडळाचा हॉल मिळत नव्हता, म्हणून स्मिता म्हणाली की आमच्याकडे या. तिच्या नवऱ्याने मंडळाच्या घडीच्या खुर्च्या आणून दिवाणखान्यात ओळीने मांडल्या होत्या. बाहेर कडाक्याची थंडी होती. दाराशी बुटांचा ढीग झाला. कोट वरच्या खोलीतल्या पलंगावर टाकले होते. मंडळातले लोक होते, तिची दोन्ही माणसं होती, जुन्या घरांची मालक असलेली बरीच अमेरिकन मंडळी होती, आणि आता काठी टेकत चालणारा वॉल्टही आला होता. सुरुवातीला सगळे उभे होते. मग मंडळातल्या एक वयस्कर काकू, गुडघे दुखत असूनही, खाली बसल्या, आणि त्यांच्याशेजारी आणखी दोघी. त्यांच्यामागून बाकीचे बसत गेले. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने पाहिलं तर खुर्च्या तशाच रिकाम्या होत्या आणि सगळी खोली जमिनीवर बसली होती, वॉल्टसुद्धा, भिंतीला पाठ लावून, पाय पुढे पसरून. स्मिताने आप्पांची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. वॉल्टने ती ऐकून डोळे मिटून मान हलवली. त्यानंतर एकेकजण आपापल्या घराची गोष्ट सांगायला लागला... कोणाच्या तळघरात ती किती दिवस होती, कोणाला काय म्हणाली होती.

मेघना माझ्या बाजूला बसली होती. लहानपणी शाळेत कोणी विचारलं की ती, माझी आई इंजिनिअर आहे, एवढंच सांगायची. आईचं काम तिने कधी जवळून पाहिलं नव्हतं. ती राहते तिथे घर गरम करावंच लागत नाही. बराच वेळ तिने दोन्ही तळहात जमिनीवर टेकवून ठेवले होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मावशी, सो धिस इज व्हॉट शी डिड." मी हो म्हटलं.

चहा झाला. बोलणं कमी होत गेलं. बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागला होता, आणि कितीतरी लोकांना फ्रीवेवरून लांब जायचं होतं. शरदने एकदा खिडकीकडे आणि एकदा दाराकडे पाहिलं. पण कोणी उठेना.